आमच्या आधी आलेली दोघं

वारज्याला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा विश्रांतवाडीला माझ्या माहेरी कुणालाच आनंद झाला नाही. आईने फक्त विचारलं, "तिथे माणसं राहतात का?"

"दोन राहतात," मी म्हटलं.

यात अतिशयोक्ती नव्हती. वारजे गाव जुनं होतं, गावात भरपूर माणसं होती. पण गावापासून लांब, माळावरची शेतं मोडून जिथे प्लॉट पाडले होते, तिथे बांधून झालेलं घर एकच होतं. बाकी सगळीकडे चुन्याच्या रेघा, आणि रेघांवर चरणाऱ्या शेळ्या. त्या घरात एक नवरा-बायको राहत होती, आणि त्यांची लहान मुलगी, जिला मी मोजलं नव्हतं. सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड उचलून आलेली ती पहिली माणसं. दुसरे आम्ही.

आमच्या घराच्या पायाचं खोदकाम सुरू झालं त्या दिवशी त्या घरातल्या काकू बघायला आल्या. चिखल तुडवत, गोल साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायांत नवऱ्याचे गमबूट. माझ्याकडे आणि माझ्या नवऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आमच्यासारखे मूर्ख अजून शिल्लक आहेत तर."

मग त्यांनी आडनाव विचारलं. पेठेतली बाई आडनाव का विचारते हे मला नोकरीत चांगलं कळलेलं होतं. मी आडनाव सांगितलं आणि विचारायची वेळ येऊ नये म्हणून पुढचंही सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध.

"बरं," त्या म्हणाल्या. "शेपूची भाजी खाता का?"

"खातो."

"मग सुटले. आमच्या घरी कुणी खात नाही आणि परसात तर माजलीय नुसती."

त्या दिवसापासून पुढे कितीतरी वर्षं आम्ही शेपू खाल्ली. मला ती फारशी आवडत नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

पेठ सोडून ही माणसं माळावर का आली, हे मला हळूहळू कळलं. काका एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि त्यांना क्लॅरिनेट वाजवायचा नाद होता. लग्नाच्या वरातीत एकदा ऐकलं आणि जुन्या बाजारातून एक उचलून आणलं. शिकवलं कुणी नाही. पेठेत दोन खोल्यांत ते रोज संध्याकाळी वाजवत. समोरचे गृहस्थ एके दिवशी म्हणाले, "आपलं वादन संपलं की जरा कळवत जा, म्हणजे आम्ही गॅलरीत येऊन बसू." काकांना वाटलं, हा माणूस रसिक आहे. ते रोज वादन संपल्यावर खिडकीतून हात करू लागले. काकूंना मात्र अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता. वर्षभर त्यांनी सहन केलं, आणि मग म्हणाल्या, "अहो, जिथे माणसं नाहीत असं काहीतरी बघा."

काकांनी वारजे बघितलं.

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांच्याकडे वीज नुकतीच आली होती. ती कशी आली हे दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, पण म्हैस दोन्हींत होती. हे प्लॉट ज्या शेतकऱ्याच्या जमिनीचे, त्यांना सगळा गाव आण्णा म्हणायचा. उरलेल्या जमिनीत ते ऊस आणि मेथी करत, गोठा काकांच्या कुंपणाला लागून. विजेचे खांब यायचे तर ते आण्णांच्या रानातून यायला हवे होते. काका परवानगी मागायला गेले. आण्णांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "सायेब, डांब रोवा की. आपली काय ना न्हाय. पन आमची म्हस दूध देईना."

काकांना वाटलं, विषय बदलला. ते सहानुभूतीने म्हणाले, "डॉक्टरला दाखवलं का?"

"दावलं. तो म्हनला, म्हस ठनठनीत हाय. तुम्ही ते तुमचं वाजवाया लागला की ती कान टवकारती आन् दूध वर वढून घेती."

वाटाघाटी बराच वेळ चालल्या. शेवटी असं ठरलं की दोन्ही वेळची धार काढून झाल्यावर आण्णांनी कुंपणावरून रिकामी चरवी वाजवायची, मगच काकांनी वाजवायचं. त्या बदल्यात खांब. करार दोन्ही बाजूंनी पाळला. काकू म्हणायच्या, "पेठेत माणसं तक्रार करायची, इथे म्हैस करते. तेवढीच प्रगती." काका म्हणायचे, "पण वीज कुणी आणली?" यावर काकू दिव्याचं बटण बंद करायच्या.

विजेचं श्रेय काकांना द्यायचं तर बसचं काकूंना द्यावं लागेल, कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. काकू शहरात एका शाळेत गणित शिकवायच्या, माझी सरकारी कचेरी तिथून जवळच. परतताना आम्ही एकाच बसने यायचो. बस गावच्या चावडीपाशी थांबायची आणि तिथूनच वळायची. पुढचा सगळा माळ आम्ही पिशव्या घेऊन तुडवायचो. उन्हाळ्यात ते जमायचं. पावसाळ्यात चप्पल एका पावलाला चिखलात आणि पाय दुसऱ्या पावलाला पुढे, असं चालायचं.

एके दिवशी कंडक्टर नेहमीप्रमाणे म्हणाला, "चला, शेवटचा स्टॉप." सगळे उतरले. काकू बसून राहिल्या.

"बाई, शेवटचा स्टॉप आहे."

"तुमचा असेल," काकू म्हणाल्या. "माझं घर पुढे आहे."

"गाडी इथून वळते."

"वळू दे की. मी कुठे धरून ठेवलीय?"

पिशवीतून त्यांनी गवार काढली, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि शांतपणे शिरा काढायला लागल्या. कंडक्टरने ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हर चहा प्यायला निघून गेला. तो परत आला तेव्हा गवार निवडून झाली होती. काकू उठल्या, "उद्या भेटू," म्हणाल्या आणि उतरल्या. दुसऱ्या दिवशी घेवडा होता. त्यानंतर मटार. पहिले काही दिवस मी लाजून खाली उतरायचे आणि लांब उभी राहून वाट बघायचे. मग मला वाटलं, उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं. मीही शेजारी जाऊन मटार सोलू लागले. कंडक्टरही मधूनमधून चार दाणे तोंडात टाकायचा.

शेवटी निकाल उसाने लावला. चावडीपाशी उसाने भरलेली ट्रॉली रुतून बसली होती आणि बसला वळायला जागाच उरली नव्हती. ड्रायव्हर वैतागून गाडी सरळ माळावर घेऊन आला आणि काकूंच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत एका झटक्यात वळवली. काकू पायरीवरून खाली उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, "बघा, किती सोपं होतं. थांबा, चहा टाकते."

तो चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी बस आपण होऊन आली. चावडीपाशी मिळायचा त्यापेक्षा काकूंचा चहा चांगला होता, हे एकच कारण. पुढे तो स्टॉप अधिकृत झाला आणि त्याला कुणा पुढाऱ्याच्या आजोबांचं नाव मिळालं. पण जुने कंडक्टर कित्येक वर्षं "गव्हारवाल्या बाई उतरा," असंच ओरडायचे, आणि गवारवाली बाई खाली उतरून मगच त्यांना 'गवार'चा योग्य उच्चार समजावून सांगायची.

त्यांच्या मुलीला यातलं काहीच आवडायचं नाही. तिला पेठेतल्या मैत्रिणी हव्या होत्या, कोपऱ्यावरचं दुकान हवं होतं. इथे मैत्रीण म्हणावी अशी एक आण्णांची म्हैस होती. तिने लहानपणीच जाहीर केलं की मोठी झाल्यावर मी गर्दीत राहणार. आणि तशी ती गेली. नाशिकला लग्न होऊन ऐन बाजारपेठेत राहते.

मग गर्दीच वारज्याला आली. हमरस्ता झाला, त्याच्यावर पूल झाला, पुलाखाली भाजीवाले आले. आण्णांनी राहिलेलं रान विकलं, तिथे बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. आण्णा शेवटपर्यंत धोतर नेसून मुलाच्या मोठ्या गाडीत पुढच्या सीटवर मांडी घालून बसायचे आणि काकूंच्या दारात काच खाली करून विचारायचे, "काय मास्तरीनबाई, हाय ना बरं?" ते गेले. म्हैस त्यांच्या आधीच गेली होती. काकांचं बसकं घर इमारतींच्या मध्ये असं दिसायचं की कुणीतरी ते उचलायला विसरलंय.

एका दुपारी समोरच्या इमारतीतला एक तरुण दारात आला. कानात कसलंसं यंत्र, अंगात वरून इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी. "अंकल, सॉरी हं, पण माझी मीटिंग चालू आहे. तो म्युझिकचा आवाज जरा कमी होईल का?"

काका इतके खूश झाले की त्याला आत बोलावून त्यांनी चिवडा दिला. तो गेल्यावर मला हाका मारून बोलावलं. "ऐकलंस का? तक्रार आली. म्हणजे आता इथे खरोखर वस्ती झाली म्हणायची."

"चला," काकू आतून म्हणाल्या, "आता पुढचं गाव बघा."

पण पुढचं गाव बघायचं वय राहिलं नव्हतं. काकूंचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. एका हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने प्रेमाने विचारलं, "काय होतंय, आजी?"

"ते तुम्ही सांगायचं असतं," काकू म्हणाल्या. "एवढे शिकलात ना?"

घरी आल्यावर एकदा मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी गेले की मला शहरात नेऊ देऊ नकोस. ह्यांचे भाऊ येतील, म्हणतील तिकडे नेऊ. पेठेतून मी एकदा निघाले ते पुरे झालं. इथे नदीकाठी गावाचं स्मशान आहे, तिथेच. आणि तू ये."

"बायका जात नाहीत ना तुमच्यात?"

"तू आमच्यातली कुठे आहेस? तू ये. रडायला लागले की ह्यांना चष्मा सापडत नाही. कुणीतरी हाताला धरायला हवं."

मी तेल लावत राहिले. मान वर केली असती तर माझाच चष्मा सापडला नसता.

त्या गेल्या त्या एका सकाळी. काकांनी चहा करून दिला होता. एक घोट घेऊन काकू म्हणाल्या, "पाणचट झालाय." काका कप घेऊन परत स्वयंपाकघरात गेले, पावडर जास्त घालून दुसरा केला, गाळला, घेऊन आले. तेवढ्यात काकू गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा काका पलंगाशेजारी उभे होते, हातात वाफाळता कप. "ह्या वेळी चांगला झाला होता गं," ते मला म्हणाले. त्यांनी तो ओतून दिला नाही. घरातून सगळे निघालो तेव्हाही तो कप उशाशी तसाच होता.

मुलीला नाशिकहून पोचायला रात्र होणार होती, थांबू नका म्हणाली. काकांचे दोन भाऊ पेठेतून आले, तेही पुलाखाली दोनदा रस्ता चुकून. त्यामुळे दुःखाबरोबर वैतागही होता. थोरला भाऊ खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "आपल्या घरातले सगळे तिकडेच गेले. वहिनींनाही तिकडेच न्यायला हवं. सोयीचं आहे, वीजदाहिनी आहे, पार्किंग आहे."

मी काकूंची इच्छा सांगितली.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"शेजारी."

"हा घरातला विषय आहे, बाई."

मी काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून आण्णांचा मुलगा आला. तो आता पुढारी झाला होता, कडक पांढरे कपडे घालायचा. मागे गावातली बरीच माणसं. त्यांनी कुणाला न विचारता बांबू अंगणात ठेवले.

"काकू गावच्या हायेत," तो म्हणाला. "गावातच जातील. गुरुजींना फोन केलाय, लाकडं पोचली."

भाऊ काकांकडे वळले. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दादा, तिने आयुष्यभर माझं ऐकलं नाही. आता तुझं कशी ऐकेल?"

थोरला भाऊ खुर्चीतून उठला.

मी स्मशानात गेले. वाटेत आण्णांची बायको, चांगली ऐंशीच्या घरातली, काठी टेकत माझ्या बरोबरीने चालायला लागली. तिची सून मागून म्हणाली, "आत्याबाई, बाया जात न्हाईत." म्हातारी थांबलीसुद्धा नाही. "ही जाती तर मी बी जाती. हितं आल्या त्या दिशी चूल पेटंना त्यांची. पयली भाकर म्या दिली व्हती." चितेला अग्नी दिला तेव्हा मी काकांचा एक हात धरला होता, दुसरा तिने. चष्मा माझ्या पदरात होता.

दहाव्याला गावाने नदीकाठी मांडव घातला. मोठा फ्लेक्स लावला. मधोमध काकू, आणि चारी बाजूंना हसरे पुढारी, काकूंपेक्षा जरा मोठ्या आकाराचे. वर लिहिलं होतं 'भावपुर्ण श्रध्दांजली'. काकांनी खिशातून जाड पेन काढलं, स्टुलावर चढून पहिल्या शब्दातला उकार दीर्घ केला आणि दुसऱ्यातलं जोडाक्षर सुधारलं. "नाहीतर ती उठून बसेल," ते मला म्हणाले.

मग भाषणं. आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात आणि वक्त्याला मेलेल्या माणसाची ओळख असावीच लागते असं नाही. एक जण काकूंना आदर्श शेतकरी महिला म्हणाला. दुसऱ्याने त्यांचा जन्म वारज्याचाच करून टाकला. शेवटी आण्णांचा मुलगा उभा राहिला. त्याने भाषणाचा कागद खिशात घातला. "काकूंनी मला पाढे शिकवले," तो म्हणाला. "काकूंनी या माळावर बस आणली, रस्ता आणला, वीज आणली..."

"वीज मी आणली," पहिल्या रांगेतून काका म्हणाले.

मग मागून आण्णांच्या बायकोचा आवाज आला, "व्हय, व्हय. वीज त्यांनी आनली. म्हशीला विचारा." आणि तो सगळा मांडव हसला. गुरुजीसुद्धा. दहाव्याला इतकं हसलेले लोक मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

काका त्यानंतर जेमतेम दोन हिवाळे जगले. मुलगी नाशिकला चला म्हणाली, ते गेले नाहीत. स्वयंपाक शिकले. प्रयोगशाळेतल्या सवयीने भाताचं पाणी मोजपात्रात मोजून घालायचे, तरी भात रोज वेगळा व्हायचा, आणि त्याची कारणं ते मला संध्याकाळी येऊन समजावून सांगायचे. क्लॅरिनेटला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी एकदा म्हटलं, "काका, वाजवा की थोडं." तर म्हणाले, "घरात 'पुरे' म्हणणारं कुणी नाही. थांबायचं कुठे ते कळत नाही."

रविवारी दुपारी ते आमच्याकडे क्रिकेट बघायला यायचे. माझा नवरा जे म्हणेल त्याच्या उलट काका म्हणायचे, यावर दोघांची मैत्री पक्की होती. तो शेवटचा सामनाही असाच, रटाळ. माझा नवरा म्हणाला, "हा कॅप्टन बदलायला हवा." काका काही बोलले नाहीत. "आणि तो सलामीवीरही," नवरा म्हणाला. काका त्यावरही काही बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याने एकदम टीव्ही बंद केला आणि मला हाक मारली. "अगं, बाहेर ये. काकांचं काहीतरी बिनसलंय. ते माझं ऐकून घेतायत."

काका खुर्चीत बसलेले होते, मान किंचित कललेली, अगदी मुद्दा पटल्यासारखी. माझा नवरा तसा रडणारा माणूस नव्हे. पण त्या संध्याकाळी तो अंगणात जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला, आणि मी त्याला हाक मारली नाही.

या वेळी पेठेतले भाऊ रस्ता न चुकता आले आणि कुठे न्यायचं हे त्यांनी विचारलं नाही.

मुलगी दिवसकार्य होईपर्यंत आमच्याकडेच राहिली. तिने घर आण्णांच्या मुलाला दिलं. तो तिथे इमारत बांधणार होता आणि तिने त्याला काही अट घातली नाही. सामान वाटून टाकलं. नाशिकला निघायच्या दिवशी सकाळचे दहा वाजले तरी ती उठली नव्हती. माझ्या नवऱ्याने दोनदा दाराशी जाऊन बघितलं. "हिची गाडी चुकेल," तो म्हणाला.

"चुकू दे," मी म्हटलं. "त्या घरात तिला कधी कुणी सातनंतर झोपू दिलं नाही."

ती साडेदहाला बाहेर आली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. घड्याळाकडे बघून दचकली. मी तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. तिने एक घास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.